सतरावा अर्ज

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वहाब मुकादमांच्या हातून गव्हर्नर निसटला आणि सोफ्याच्या दांड्यावर आपटून फुटला.

गव्हर्नर म्हणजे फ्रेम. जेद्दाच्या अल अझीझियातल्या त्या फ्लॅटमध्ये तिला सगळे गव्हर्नरच म्हणत. पाच वाजता राबिघहून पाहुणे त्यांच्या मुलीला, अदिबाला, बघायला यायचे होते, म्हणून वहाबभाई जुम्म्याची नमाज आटोपून, खुर्चीवर चढून स्वतःच्या हातानं ती पुसत होते. एरवीही हे काम ते कुणाला करू देत नसत.

आत पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरकारचं १९३४ सालचं टाइप केलेलं पत्र होतं. वर राजमुकुट. त्याखाली ‘श्री. दाऊद मुकादम, लिंडी’. मग ‘महामहिम गव्हर्नरांच्या आज्ञेवरून आपणांस कळवण्यात येते की’, आणि लगेच ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’, खाली मुख्य सचिवाची सही. काय कळवण्यात येते, ते मध्ये कुठेच नव्हतं. मुकादमांच्या तीन पिढ्यांत कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. गोरा साहेब आपल्या आजाला सहीनिशी लिहून देतो की मी तुमचा सेवक. आणखी काय कळवायचं राहतं?

बाकीचं तोंडी होतं. लिंडी बंदरात दाऊदआजाचं किराणा दुकान होतं. गव्हर्नर बोटीतून उतरला तेव्हा धक्क्यावर गावातले व्यापारी रांगेनं उभे होते, आणि साहेबानं पहिला हात दिला तो आजाला. वहाबभाईंचं बॅगांचं दुकान होतं आणि बॅगेबरोबर गिऱ्हाइकाला ही गोष्टही मिळे.

काच फुटली, मागचा पुठ्ठा सुटला आणि पत्र फरशीवर पडलं. वहाबभाईंना वाटलं, फाटलं. फाटलं नव्हतं. दुप्पट लांब झालं होतं.

“अगो अदिबा, हे बघ काय झालं!”

अदिबा फार्मसीत कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय असलेल्या मुलीला टाइप केलेलं वाचायला कितीसा वेळ लागणार? तिनं मधला, नव्वद वर्षं घडीत राहिलेला भाग मनात वाचला आणि ओठ दातांत धरले.

“काय लिवलाय?” स्वयंपाकघरातून आमिना हात पुसत आली.

“अम्मी, विषय आहे, ‘स्वागताच्या रांगेतल्या क्रमाबद्दल आपला सतरावा अर्ज.’”

“सतरावा?” वहाबभाई खुर्चीवरून उतरले.

“‘लिंडीच्या धक्क्यावर महामहिमांनी प्रथम हस्तांदोलन आपल्याशी केले की श्री. इस्माईल पारकर यांच्याशी, याची चौकशी करण्यात आली. महामहिमांना आपणां दोघांपैकी कोणाशीही हस्तांदोलन केल्याचे स्मरत नाही. या विषयावरील यापुढचे अर्ज उत्तर न देता दप्तरी दाखल केले जातील.’ मग तो आज्ञाधारक सेवक.”

आमिनानं कागद हातात घेतला आणि घडीच्या खुणा निरखल्या.

“म्हणजे घडी आजानंच घातली,” आमिना म्हणाली. “स्वतःच्या हातानं. मोजून.”

वहाबभाईंचं लक्ष घडीकडे नव्हतं. पारकर. दाभोळचे पारकर. पाच वाजता येणारे हनीफ पारकर त्यांतलेच. आणि या हनीफभाईंना त्यांनी फोनवर गव्हर्नरची गोष्ट दोनदा सांगितली होती, दुसऱ्यांदा जरा वाढवून. हनीफभाई राबिघच्या एका रिफायनरीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. तेवीस वर्षं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ड्रॉइंग पुढं सरकलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या मुलाचं एक स्थळ परत पाठवलं होतं. कारण काय, तर मुलीच्या पासपोर्टवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी.

धाकटा झयान मात्र अदिबाला पसंत होता. गेले सहा महिने दोघं फोनवर बोलत होती. दोन्ही आयांच्या माहितीनं आणि दोन्ही बापांच्या नकळत.

“लपवा ते,” वहाबभाई म्हणाले.

“आणि भिंत?” आमिनानं विचारलं.

भिंतीवर फ्रेमच्या जागी पांढराशुभ्र चौकोन उमटला होता. वहाबभाईंनी तिथे कार्गोवाल्याचं कॅलेंडर टांगलं. चारी बाजूंनी चौकोन उरलाच.

“अब्बा, ते अंकल कागद वाचूनच जगतात,” अदिबा म्हणाली. “खोटं पकडलं तर खलास.”

“तू गप. मी बघतो.”

पाहुणे पाचला पाच मिनिटं असताना आले. हनीफभाई, त्यांच्या बेगम सकिना आणि इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला झयान. सलाम-दुआ झाली. हनीफभाई सोफ्यावर टेकले, चष्मा पुसला आणि सरळ समोरच्या भिंतीकडे बघितलं.

“वहाबभाई, हे मार्च महिना दाखवतंय.”

“हो का? राहिलं वाटतं उलटायचं.”

“ऑक्टोबर संपत आला. आणि इथे याआधी काहीतरी मोठं होतं. तुमची ती फ्रेम?”

“फ्रेम... दुरुस्तीला दिलीय. आजच.”

“शुक्रवारी? कोण घेतो शुक्रवारी दुरुस्तीला?”

वहाबभाई घाम पुसू लागले. आमिनानं सकिनाकडे बघितलं, सकिनानं छताकडे. तेवढ्यात रीतीप्रमाणे मुलगी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये पाच ग्लास होते, आणि ग्लासांच्या शेजारी पत्र. उघडलेलं.

“दुपारी काच फुटली, अंकल,” अदिबा म्हणाली. “आम्हीही पहिल्यांदाच पूर्ण वाचलं.”

वहाबभाईंनी डोळे मिटून घेतले.

हनीफभाईंनी सरबत बाजूला ठेवलं. आधी जावक क्रमांक वाचला, मग तारीख, मग मजकूर. मजकुरावर ते रेंगाळले नाहीत. कागद जवळ धरून त्यांनी अगदी तळाशी, सहीच्याही खाली, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती.

“डिस्ट्रिब्युशन लिस्ट,” ते म्हणाले. “ही कुणीच वाचत नाही. ‘प्रत रवाना, श्री. इस्माईल पारकर, लिंडी.’”

“हनीफभाई, मी तुम्हाला सांगणारच होतो की...”

“आमची प्रत दाभोळला आहे. ओटीवर, फ्रेममध्ये.”

वहाबभाईंनी एक डोळा उघडला.

“इस्माईलआजाला गव्हर्नरनं पहिला हात दिला, असं आमच्याकडे सांगतात,” हनीफभाई म्हणाले. “तीपण मध्ये घडी घातलेली आहे.”

“तुम्ही उघडलीत कधी?”

“शहाण्णव साली.”

“मग काय केलंत?”

“मग परत घातली.”

झयानला ठसका लागला. सकिनानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तो जरा जास्तच जोरात बसला.

हनीफभाईंनी पत्र मांडीवर ठेवलं, जुन्या खुणेवर बोट फिरवलं आणि घडी होती तशी घातली. राजमुकुट आणि आज्ञाधारक सेवक पुन्हा एकमेकांना भेटले. मग त्यांनी कागद दोन्ही हातांनी वहाबभाईंना दिला.

“ओरिजिनल तुमच्याकडे आहे. आमच्याकडे नुसती कॉपी,” ते म्हणाले. “मुलगी कागद लपवत नाही. आमच्याकडून होकार.”

आमिना मिठाई आणायला उठली ती डोळे पुसतच. वहाबभाईंनी हनीफभाईंना मिठी मारली. सहा वाजेपर्यंत तारीख ठरली, सव्वासहापर्यंत हॉल ठरला. साडेसहाला झयाननं सहज विचारलं की दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला कोण कुठे उभं राहणार.

“दोघंही दाराशीच,” वहाबभाई म्हणाले. “मुलीचा बाप म्हणून मी पहिला. मग तुम्ही.”

“तसं नको. मुलाची बाजू आधी असते,” हनीफभाई म्हणाले. “शिवाय पारकर.”

“शिवाय पारकर म्हणजे?”

“काही नाही. तुम्ही सरबत घ्या.”

अदिबानं रिकामा ट्रे उचलला आणि आत गेली. पाठोपाठ दोन्ही आया गेल्या. स्वयंपाकघराचं दार लागलं, आणि आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. लग्न ठरलेल्या तारखेलाच आहे, त्यात बदल नाही. फ्रेमला नवी काच बसली आहे. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा हनीफभाईंच्या नोंदीप्रमाणे रेव्हिजन सहावर आहे. दारातल्या क्रमाबाबत जेद्दातल्या कोकणी जमातीच्या अध्यक्षांकडे वहाबभाईंचे चार आणि हनीफभाईंचे पाच अर्ज पोहोचले आहेत. अध्यक्षांनी सगळे वाचल्याचं कळतं. उत्तर अद्याप आलेलं नाही.