दाजींचा सूर

"थाम, तू तारा लावतेयस की कारखान्यातल्या गोळ्या गुंडाळतेयस?" किन्हकाकांनी आपलं वाद्य मांडीवर घेत विचारलं. "तिकडे जेवण निवायला लागलंय!"

"तुमचं सगळं लक्ष मटणात, काका," थाम म्हणाली. मान तिने वर केली नाही. नारळाच्या गोळ्या कागदात गुंडाळण्यात तिचा हात अख्ख्या बेन त्रे शहरात कुणी धरला नसता, पण या सोळा तारांपुढे तीच बोटं लाकडासारखी होत.

आज सुओंगताईचं वर्षश्राद्ध होतं. आई गेल्यावर थामला ताईनेच न्हाऊ-माखू घालून वाढवलं. स्वतः जाताना तिने आपलं त्रान्ह, हेच सोळा तारांचं वाद्य, थामच्या हवाली केलं. "यांना गाता आलं पाहिजे, एवढं बघ," इतकंच म्हणाली. ती गेल्यापासून दाजींनी गाण्याचं नाव काढलं नव्हतं. थाम मात्र दर रविवारी शिकवणीला गेली, बोटं सोलवटून घेतली. अखेर आज दाजी गाणार होते.

मोबाइलवर सूर बघून तिने सगळ्या तारा लावल्या. एकही तसूभर चुकली नव्हती. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून ताईच्या तसबिरीसमोर बसले. पहिल्या ओळी ठीक गेल्या. मग सूर वर चढला आणि दाजींचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला.

"संपलं," दाजी पुटपुटले. "ती होती तोवर होता आवाज. तिच्याबरोबर गेला."

अंगणातली कुजबुज थांबली. थामला रडूच फुटायचं बाकी होतं. ताईने एकच गोष्ट मागितली होती आणि तीही आपल्याच्याने झाली नाही. तिने नजर खाली घातली, ती त्रान्हच्या लाकडावर गेली.

प्रत्येक तारेखाली एक लाकडी घोडी असते. ती डावीकडे सरकवली की सूर उतरतो. ताईच्या घोड्यांचे पांढुरके ठसे लाकडावर उमटले होते, एकाच्या डावीकडे दुसरा, त्याच्या डावीकडे तिसरा. एवढी टापटिपीची ताई, पण घोड्या मेल्या वाटेल तिथे ठेवते, असंच थामला इतके दिवस वाटायचं. आज पहिल्यांदा तिला त्या ठशांचा अर्थ लागला.

दाजी गावभर सांगत फिरायचे, 'केस पिकले, पण आवाज विशीतलाच आहे!' आणि ताई गाणं मध्येच थांबवून म्हणायची, 'थांबा हो, माझ्याच तारा बिघडल्या.' ताईचा कान कच्चा, असं थाम मनात म्हणायची. किती वर्षं या बाईने बोलणी खाल्ली असतील!

"दाजी, थांबा," ती म्हणाली. "माझ्याच तारा बिघडल्यात."

"वर्षभर काय झोपा काढल्यास?" दाजी उखडले. "हिचीच बहीण शोभतेस!"

"शोभते खरी," थाम म्हणाली. आयुष्यात एवढं मोठं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं.

ती घोड्या सरकवू लागली. शेजारी बारीक करकर ऐकू आली. इतकी वर्षं ताईच्या जोडीने वाजवलेले किन्हकाका काही न विचारता आपल्या वाद्याच्या खुंट्या सैल करत होते. थामने त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"काका, तुम्हाला...?"

"मटण गार होतंय," काका म्हणाले. "वाजव."

या खेपेला दाजी वर चढले आणि तिथे निवांत टेकले. गाणं संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तसबिरीकडे पाहून म्हणाले, "ऐकलंस ना, सुओंग? विशीतलाच सूर! तसूभर हललेला नाही."

"हो दाजी," थाम म्हणाली.

मंडळी जेवायला उठली. त्रान्हवर कापड घालताना थामने एकदा खाली वाकून पाहिलं. घोड्या ताईच्या शेवटच्या ठशांवर नव्हत्या. त्यांच्याही नखभर डावीकडे उभ्या होत्या.