सात मिनिटांची गाडी

मी करड्या रंगाची छोटी मोटारगाडी बोलतेय. स्टेशनच्या पार्किंगमधून, तिसऱ्या रांगेतून.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आता जग बघायचं! माझा वेगाचा काटा दोनशेपर्यंत जातो. पण मला ज्याने घेतलं, त्याचं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर. सकाळी सात मिनिटं पळायचं, संध्याकाळी सात मिनिटं. मधले अकरा तास नुसतं उभं राहायचं. आजूबाजूला माझ्यासारख्याच दोनशे-अडीचशे, पळण्यासाठी बनवलेल्या आणि ठाण मांडून बसलेल्या. याला काय म्हणावं, मला कळत नाही.

माझा मालक इंजिनिअर. पुलांचे नकाशे काढतो. बायको दातांची डॉक्टर, तिची वेगळी गाडी. शहरात लेकीला धुरामुळे सारखा दम लागायचा, म्हणून ते इथे आले. इथे झाडं आहेत, अंगण आहे, हवा स्वच्छ आहे. वर्षभरात पोरीचा दम पळाला. मागच्या सीटवर ती आता गाणी म्हणते.

मग मालकाचे वडील राहायला आले. शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर त्यांनी चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेलं.

"बाबा, कसं वाटतंय घर?" एका रविवारी मालकाने मला चालवता चालवता विचारलं.

"छान आहे रे. इतकं छान, की कशाला हात लावावा तेच कळत नाही."

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आमच्या रस्त्यांना फुटपाथ नाहीत, कोपऱ्यावर दुकान नाही. ते पायी निघाले की गाड्या थांबायच्या. "काका, रस्ता चुकलात का? सोडू का कुठे?" माणसं खरंच चांगली होती. पण म्हातारा माणूस उगाच चालतोय, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

एका बुधवारी दुपारी बाबा पार्किंगमध्ये आले. तासभर चालून घामाघूम झालेले. एकेक नंबर वाचत त्यांनी मला शोधून काढलं. माझ्या सावलीत फरशीवर बसले. सावली सरकली की तेही सरकायचे. माझ्या दाराला त्यांनी पाठ टेकली होती. मला बरंही वाटत होतं आणि भीतीही.

संध्याकाळी मालक धावतच आला. बायकोने त्याला किती फोन केले होते कोण जाणे.

"बाबा! तुम्ही इथे? घरी सगळे हवालदिल झालेत!"

"सगळे कोण? मी निघालो तेव्हा घरात कोण होतं?"

मालकाने माझं दार उघडलं.

"रागावू नकोस," बाबा म्हणाले. "तुझी वाटच बघायची, तर इथे बघितली. इथे निदान चार माणसं येता-जाता दिसतात."

घरी जाताना मालक म्हणाला, "आपण परत शहरात जाऊ."

"खुळा आहेस का? पोरीचा जीव इथे सुखात आहे. मी जातो शहरातल्या माझ्या जुन्या खोलीवर."

"तुम्हाला तिथे एकटं ठेवू?"

"इथे कोण होतं सोबतीला?"

बोलून गेले आणि लगेच त्यांनी लेकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. एकमेकांवर इतकी माया असलेली माणसं बोलताना एकमेकांना इतकं का दुखावतात? माझं तर डोकंच चालेना.

बाबा गेले. आता ते दर रविवारी येतात. येताना त्यांच्याकडे गल्लीतल्या इतक्या बातम्या असतात, की सात मिनिटं पुरत नाहीत. मग मालक मला मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेतो.

परवाच्या रविवारी बाबांना स्टेशनवर सोडलं, त्यांची आगगाडी निघून गेली, तरी आम्ही जागचे हललो नाही. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आपलं काही चुकलं का रे?"

"माहीत नाही."

"बाबा तिकडे खूश दिसतात."

"हो ना. आणि आपली लेक इथे."

मागे पोर झोपली होती. मालकाने मला चालू केलं, उजवीकडचा दिवा लावला आणि वळला डावीकडे. मागच्याने जोरात हॉर्न वाजवला.

मागून येणाऱ्यांनो, एवढीच विनंती आहे. जरा अंतर ठेवून चला. आमचं कुठे वळायचं ते अजून ठरत नाहीये.