पुलाच्या अलीकडं रस, पलीकडं वाईन

"बा, तुले कोनं सांगतलं होतं काल द्राक्षं चेचाले?"

अमर छोट्या हत्ती टेम्पोचं स्टेअरिंग धरून वरडून राह्यला होता. बाजूले त्याचा बा, किसनराव, दुपट्ट्यानं मान पुसत असा बसला होता, जसं दुसऱ्याच कोनाच्या बापाले बोलनं बसून राह्यलं.

"एका फेरीत काम होते," किसनराव म्हने. "अख्खे घड नेले असते तं दोन फेऱ्या. रस केला, आठ ड्रम भरले, झाकनं गच्च आवळले. अक्कल लागते बे."

"झाकनं आवळले ना, तठीच घात केला!"

मागं ड्रमायच्या मधात अमरची माय जिजाबाई पाय आखडून बसली होती. थे म्हने, "भांडा तुमी खुशाल. पन हा ड्रम माह्या पाठीले ढुश्या देऊन राह्यला."

ह्या घराचं असं हाय. पुलगावच्या अलीकडं त्यायचं वावर. विहिरीवरच्या मांडवावर काळ्या गावठी द्राक्षाचे वेल, अमरच्या पणज्यानं लावलेले. बुंधा मांडीएवढा अन् मनी करवंदाएवढा. खाल्ला तं जीभ आखडते. बाजारात कुत्रं इचारत नाई. पन अमर शाळा सोडून नाशिककडं पळाला, तठी वाईन कराले शिकला अन् परत येऊन म्हने, लाल वाईनचा जीव याच आंबट मन्यात हाय.

आता वर्धा जिल्हा पडला दारूबंदीचा. म्हनून नदीच्या पलीकडं, अमरावती जिल्ह्यात, भाऊजीच्या वावरात परवाना काढून टिनाचा शेड टाकला. नेम एकच. घड अख्खे न्याचे, चेचाचे पलीकडंच, कावून का चेचले का रस आंबाले लागते अन् फुगते. सहा वर्सं नेम पाळला. औंदा किसनरावले घाई झाली. त्यानं वरून बजावलं बी होतं, "औंदा वाईन जमली नाई तं वेल तोडतो अन् तठी संत्रा लावतो."

एप्रिलचं उन. नऊ वाजताच गाडीचा पत्रा तव्यावानी तापला. पुलाच्या तोंडाशी पोलीस चौकी, रस्त्यावर आडवा बांबू. हवालदार प्रेमदास स्टुलावर बसून येनाऱ्या गाड्या तपासून राह्यला होता. जानाऱ्या गाडीकडं तो पाहे बी नाई. पन आज वळखीचा किसनराव दिसला, तं उठून आला.

"औंदा क्रेट नाई दिसत, किसनराव?"

"औंदा रस आनला."

एवढं म्हनाले अन् मागं झाकन उडाले एकच गाठ पडली. ठॉक! लाल फेस जिजाबाईच्या लुगड्यावर, अन् तठून थेट प्रेमदासच्या खाकीवर. प्रेमदासनं बाही हुंगली.

"हे तं दारू होये."

"रस होये."

"रस फेसाळते काय?"

"जिजाबाई बी फेसाळते. थे का दारू होये?"

"घरी चाला तुमी," मागून आवाज आला. "मंग पायजा फेस."

प्रेमदासनं टोपी काढून डोस्कं खाजवलं. "बारा वर्सं झाले मले या पुलावर. कोनी दुधाच्या कॅनात आनते, कोनी स्टेपनीत. एकानं तं वरातीच्या ढोलात आनली. सारे आत आनते. बाहेर नेनारे तुमी पयले!"

"मंग बाहेर चाललीच हाय तं जाऊ द्या ना," किसनराव म्हने.

"म्हनजे दारू हाय, कबूल?"

किसनराव दुपट्ट्यानं पुन्हा मान पुसाले लागला.

"ड्रम खाली उतरवा," प्रेमदास म्हने. "साहेब दुपारी येते. थे आले का पंचनामा."

अमर गाडीतून खाली उतरला. औंदाचा सारा माल या आठ ड्रमात. वेलावर मनी नाई राह्यला. दुपारवरी उनात ठेवला तं रसाचंबी वाटोळं अन् वेलायचंबी. त्याचं डोस्कं सनकलं. गिलासभर रस काढून त्यानं प्रेमदासच्या नाकापाशी धरला.

"चाखा."

"ड्युटीवर?"

"हुंगून केस करता, मंग चाखाले काय झालं?"

प्रेमदासनं इकडं-तिकडं पायलं, बोट बुडवलं, चाटलं. "गोड लागते. शरबतावानी."

"हाय ना गोड? आता हा रसच हाय. वाईन व्हाले निंगाला, पन झाला नाई. पलीकडं पोचला तं परवान्याच्या शेडात होईन. अठी उतरवला तं अठीच होईन. साहेब येतवर याचा गोडवा कमी अन् नशा जास्त. मंग लिहा पंचनाम्यात, नऊ वाजता रस जप्त केला अन् हवालदारानं उनात ठेवून त्याची दारू केली!"

प्रेमदासनं ड्रमायपाशी कान नेला. चौथ्या ड्रमानं आतून ढेकर देल्ला.

"प्रेमदासभाऊ," जिजाबाई म्हने, "तुमीच बनवनार असान तं दिवसातून दोनदा ढवळा लागते. काठी ठेवून जाऊ काय?"

"पलीकडं जाले किती टाइम लागते?"

"पाच मिनिट."

"मंग अठी काय मुहूर्त पाहून राह्यले?" प्रेमदासनं स्वतःच बांबू वर केला.

अमर उडी मारून गाडीत बसला. "माय, साऱ्या ड्रमायचे झाकनं ढिल्ले कर!" चाबी फिरवली. तं किसनराव खिडकीतून अर्धा बाहेर, आरामात.

"बरं प्रेमदास, तुह्या पोरीच्या सोयरिकीचं काय झालं?"

"अरे थ्याचं सांगाचंच होतं," प्रेमदास बांबू धरून जवळ सरकला. "पोट्टा हाय हिंगणीचा, पन त्याचा मामा म्हनते का..."

"हवालदारसाहेब, मामाले माहा नमस्कार सांगजा," अमरनं गिअर टाकला. "मले निंगा लागते आता!"