पत्र्याचं कॅबिनेट

जुना कॉम्प्युटर दादाने वायरींसकट उपटला आणि भिंतीवर आपटला. कारण काय, तर गेममध्ये शेवटच्या मिनिटाला हरला. "अरे, माझे व्हिडिओ आहेत त्यात!" म्हणून बारकी ओरडली, तर त्याने तिच्या कानाखाली असा जाळ काढला की ती पलंगाच्या कडेवर जाऊन पडली. आईचं नेहमीचंच सुरू झालं. रागीट आहे गं तो, मनाने वाईट नाही. मनाने वाईट नाही म्हणे! बारकीचा कान चार दिवस वाजत होता, त्याला दादाच्या मनाचं काय कौतुक!

बारकी म्हणजे काही लहान पोर नव्हती, चोविशी उलटली होती. एका बॉक्सिंग क्लबात ती लढती शूट करायची. घरी आणून कापायची, जोडायची, आणि मग एन्कोडिंग, म्हणजे एवढी मोठी फाइल आवळून फोनवर चालेल एवढी करायची. कोचने तिला वर्षभराचं काम देऊ केलं होतं, फक्त सोमवारपासून प्रत्येक लढत दुसऱ्या दिवशी सकाळी हातात हवी होती. नाही जमलं तर दुसरा माणूस तयारच होता. काम मिळालं की क्लबामागची खोली भाड्याने घ्यायची आणि घरातून निघायचं, हे बारकीने कधीच ठरवलं होतं. ती खोली आणि ती, यांच्यामध्ये आता एक कॉम्प्युटर तेवढा उभा होता.

आईने अर्धे पैसे दिले, पण अट घातली: दोघांत एकच घ्यायचा. म्हणून शनिवारी सकाळी बहीणभाऊ दुकानात शेजारीशेजारी उभे.

"ते मोठं ग्राफिक्स कार्ड द्या," दादा म्हणाला. "बाकी काहीही टाका."

"काहीही म्हणजे?" बारकी म्हणाली. "प्रोसेसर रडका घेतलास तर माझी एक लढत दुपारपर्यंत रखडेल."

"तुझ्या लढती गेल्या खड्ड्यात!"

दुकानदार सज्जन माणूस. त्याने असली भांडणं रोज मिटवलेली. "हे बघा, कार्ड मधलं घ्या, गेम झकास चालतील. प्रोसेसर आठ कोरचा, म्हणजे ताईंचं काम झपाट्याने होईल. रॅम बत्तीस. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको, तो जळला तर सगळ्यांना घेऊन जातो." असं म्हणत त्याने पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवला. विटेएवढा लोखंडी ठोकळा, चांगला जड. दादाने तोंड वेंगाडलं, पण मान हलवली. बारकीचा जीव भांड्यात पडला.

राहिलं कॅबिनेट. दुकानदाराने हौसेने काचेचं पुढे केलं. "आतले दिवे दिसतात. हल्ली सगळे हेच नेतात."

"काच नको," बारकी म्हणाली. "पत्र्याचं द्या."

"अहो, किंमत तीच आहे, ताई."

"पत्र्याचंच द्या, काका. आपटलं तरी टिकलं पाहिजे."

बोलून गेली आणि तिने चटकन दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे मी फोडणार? चारचौघांत माझी अब्रू काढतेस?"

तिने तोंड उघडायच्या आत त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड काउंटरवर आपटलं. एकदा, दोनदा. डोळ्यांपुढे काजवे चमकले, नाकातून रक्ताची धार लागली. दुकानदार "अहो, अहो" करत मागे सरकला. दादाने दुसरा पंजा काउंटरवर रोवला आणि तिला तिसऱ्यांदा वर ओढलं. तेवढ्यात बारकीच्या हाताला पॉवर सप्लाय लागला.

तिने तो त्या पंजावर हाणला. बोटं मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. केस सुटले. दुसरा घाव तिने त्याच्या जबड्यावर घातला आणि तो गुडघ्यांवर आला. पहिला फटका भीतीचा होता. दुसराही भीतीचाच म्हणू, हवं तर. पण दादा खाली पडून, मोडलेला हात पोटाशी धरून "बारके, नको गं, नको" म्हणत होता, तेव्हा तिने तिसरा त्याच्या खांद्यावर घातला. त्याला मात्र काही निमित्त नव्हतं.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "पत्र्याचं द्या. आणि कार्ड काढून टाका. आता कुणाला लागणार नाही."

"हो ताई, देतो ताई." दुकानदाराची बोबडी वळली होती. प्रोसेसरचा डबा कसाबसा काढला, तर हातातून निसटून तो फरशीवर पडला. बारकी तो उचलून द्यायला पुढे झाली, आणि त्या पांढऱ्या केसांच्या माणसाने दोन्ही हात डोक्यावर घेऊन अंग चोरलं.

तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दादाला रोज हेच वाटत असणार, हे तिला कळलं. पॉवर सप्लाय अजून तिच्या मुठीतच होता, वर उचललेला.

तिने तो हळूच खाली ठेवला. दोन पावलं मागे सरली आणि रिकामे हात दुकानदाराला दिसतील असे पुढे धरून उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "आधी ह्याच्यासाठी डॉक्टर बोलवा. मी इथेच उभी राहते, जवळ येत नाही."