सातवा दगड

"काका, हा शब्द कोणी सांगितला तुम्हाला?" सिस्टरने सातव्या दगडापाशी वाकून विचारलं आणि तिला हसू आवरेना.

मी गुडघे टेकून दोन दगडांमधली फट मोजत होतो. बागेचं उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं, त्यामुळे कोणी नुसतं हसलं तरी मी टेप पुन्हा लावून बघायचो. ही सिस्टर गल्लीत नवीनच राहायला आलेली. हॉस्पिटलातली सकाळची पाळी संपवून घरी जाताना ती कुंपणाच्या पत्र्याआडून डोकावत होती, म्हणून मीच हौसेने तिला आत बोलावलं होतं. नऊ दगड, नऊ भाषा, आणि सगळ्यांवर एकच शब्द, 'बसा', असं माझं तिला मोठ्या तोऱ्यात सांगून झालं होतं.

"बाकीच्यांचं मला नाही कळत," ती म्हणाली. "पण ही माझी भाषा आहे. आणि हे 'बसा' नाही हो. हे 'सरक' आहे. लहान पोराला अंथरुणात म्हणतात ना, पलीकडे सरक, तसं."

मी एकतीस वर्षं उद्यान खात्यात नकाशे काढतो. ऐकायला बरं वाटतं, पण मी काढली ती सगळी गटारं. बागेलाही गटार लागतं, कुंपणाची भिंत लागते, मुताऱ्या लागतात, आणि ते सगळं माझ्याच टेबलावर यायचं. ऑफिसात मला गटारसाहेब म्हणतात. मीही ओ देतो. आमची ही मात्र चिडायची. "नवरा उद्यान खात्यात आहे म्हणून सांगत फिरते, आणि पाहुण्यांना दाखवायला एक फूल नाही," असं तिचं म्हणणं.

मग जुन्या बस डेपोच्या त्रिकोणी जागेवर बाग करायचं ठरलं. आराखडा करणारे दोघेही मोठ्या कामावर निघून गेले आणि साहेबांची नजर माझ्यावर पडली. निवृत्तीला तीन महिने उरलेला माणूस. बिघडलंच तर ज्याच्यावर खापर फोडायचं तो घरी बसलेला असेल, हा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. तरी मी घरी जाताना वाटेत दोनदा एकट्याने हसलो.

साहेबांची कल्पना साधी होती. वस्तीत नऊ तऱ्हेचे लोक, म्हणून नऊ खांब आणि प्रत्येक खांबावर त्या-त्या पोशाखातला पुतळा. मी टेप घेऊन गल्लीत गेलो. बेकरीवाल्याला आपला खांब मुतारीजवळ नको होता. सलूनवाल्याला तो बेकरीवाल्याच्या खांबापेक्षा वीतभर तरी उंच हवा होता. चाव्या बनवणारा म्हणाला, आमच्या पोशाखात मी फक्त माझ्या आजोबांना पाहिलंय, तेही फोटोत, आणि त्यातही ते अवघडलेलेच दिसतात. चार दिवसांत मी पुतळ्यांना पुरता कंटाळलो.

पण एक गोष्ट ध्यानात आली, आणि त्याचं श्रेय माझ्या गुडघ्यांना आहे. ज्या दारात गेलो तिथे मी तोंड उघडायच्या आत मला बसवलं गेलं. कोणी खुर्ची पुढे केली, कोणी पिठाचा डबा उलटा घातला, कोणी मांडीवरच्या मांजराला खाली सोडलं. शब्द नऊ होते, हात मात्र सगळ्यांचा सारखाच पुढे यायचा. एकतीस वर्षं मी लोकांच्या दारांसमोर गटारं आखली, आणि मला कोणी बस म्हटलं नव्हतं. त्या गल्लीचे उपकार मी विसरणार नाही.

मग मी खांब खोडले आणि डेपोतल्या जुन्या झाडांखालून वळत जाणारा एक लांबलचक, बुटका दगडी कट्टा काढला. त्यात नऊ दगड वेगळे. साहेबांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं आणि "पुतळ्यांची कटकट तरी गेली" म्हणून सही केली. शब्द घरोघरच्या माणसांनी आपल्या अक्षरात लिहून दिले. मी ते ट्रेसिंग कागदावर जसेच्या तसे उतरवून मोठे केले. ट्रेसिंग करणाऱ्याने आपली अक्कल मधे घालायची नसते. बेकरीवाल्याचं अक्षर तिरपं, तर दगडावरही ते तिरपंच राहिलं.

सातवा शब्द काजवाल्या आजींचा. शर्टांना हाताने काजं करायची, बटणं लावायची, हे त्यांचं काम. चार वर्षांच्या असताना त्या चुलत्याबरोबर इकडे आल्या. आई मागे राहिली आणि वर्षाच्या आत गेली. चुलती इथलीच, त्यामुळे घरात इथलीच भाषा. आजींकडे आईच्या बोलण्यातला हा एकच शब्द उरला होता. तो लिहायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ऐकला तसा मी इथल्या लिपीत लिहिला, त्या दगडावरचं अक्षर माझं आहे. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "आई असं म्हणायची आणि शेजारी टेकायची. म्हणजे 'बस'च की, भाऊ." मलाही ते पटलं. शिंपी शर्टांचे गठ्ठे घेऊन यायचे, त्यांनाही त्या तोच शब्द म्हणायच्या. म्हणजे पन्नास वर्षं ही बाई आल्यागेल्याला 'सरक' म्हणत होती आणि माणसं निमूटपणे बसत होती. तो शब्द मी इथे लिहीत नाही. दगडावर आहे, ज्याला हवा त्याने जाऊन वाचावा.

सिस्टरचं ऐकून मी लगेच साहेबांना फोन लावला. साहेब तसे वाईट नाहीत. ते फोनवर म्हणाले, चुकीचा शब्द दगडावर राहिला तर उद्घाटनाच्या दिवशीच हसं होईल. पाथरवट आज चार वाजता येतोच आहे, त्याच्याकडून तासून घ्या आणि त्या सिस्टरकडून खरा शब्द लिहून घ्या. यात चूक काहीच नव्हतं. मी "हो साहेब" म्हणालो. मला दुसरं काही म्हणायची सवयच नाही.

फोन ठेवल्यावर घोळ माझ्या ध्यानात आला. साहेबांना हवा असलेला खरा शब्द आजींनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांचा होता तोच तासला जाणार होता, आणि हे त्यांना सांगायचं माझ्यावर आलं होतं.

सिस्टरला साडेतीनला कट्ट्यावर यायची विनंती करून मी आजींच्या खोलीवर गेलो. एकच खोली. खिडकीपाशी सतरंजी, एका बाजूला काजं व्हायचे शर्ट, दुसऱ्या बाजूला झालेले, आणि मधे चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून आजी बसलेल्या. मला पाहताच त्यांनी तो शब्द म्हटला. मी बसलो. सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा उन्हाबद्दल बोललो, एकदा बटणांबद्दल. शेवटी म्हणालो, "चला, तुमचा दगड बसवलाय, बघून घ्या." आजींनी सुई शर्टात टोचून ठेवली, धुतलेलं पातळ नेसल्या आणि निघाल्या. वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, माझा दगड बघायला चाललेय. मी मान खाली घालून चालत होतो.

कट्ट्यावर पाथरवट आधीच छिन्नी काढून बसला होता. आजींनी दगडावरून बोटं फिरवली, अक्षरांच्या खाचा एकेक करून चाचपल्या आणि मग त्याच दगडावर, बरोबर मधोमध बसल्या. सिस्टर आली तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. तिलाही सांगवेना. मघाशी हसले म्हणून मला माफ करा, असं ती हळूच म्हणाली. मग आजींसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तो शब्द म्हटला. आजी म्हणायच्या तसा झिजलेला नाही. तिच्या घरी म्हणतात तसा, शेवट लांबवून, दिवसभराच्या कामाने थकलेल्या बाईच्या आवाजात.

आजी सरकल्या.

विचार करून नाही. अंगच वीतभर बाजूला झालं, आणि मग त्यांनी चमकून आपल्या शेजारच्या मोकळ्या दगडाकडे पाहिलं. "मी का गं सरकले?" त्यांनी विचारलं.

तेव्हा सिस्टरने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. आमच्याकडे घरं लहान, एका अंथरुणात तीन-चार पोरं. आई कामं आवरून सगळ्यांत शेवटी निजायला येते, तेव्हा असं म्हणते. आजी ऐकत होत्या. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर करायचं त्यांना सुचत नव्हतं.

"म्हणजे ती माझ्याजवळ निजायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बसून निघून जात असेल. एवढंच आठवायचं मला, ती येऊन टेकली की नंतरचं काही नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे तोवर मला झोप लागायची."

 पाथरवटाने मला खुणेने विचारलं, तासू का? मी नाही म्हणालो. त्याला भानगड काय ते थोडक्यात सांगितलं तर तो छिन्नी पिशवीत टाकत म्हणाला, "मग बरोबरच आहे की. कोणी सरकल्याशिवाय बसायचं कुठं?" आणि चहा प्यायला निघून गेला.

मी साहेबांना फोन केला. शब्द राहू द्यायचा, असं म्हणालो.  साहेब म्हणाले, लेखी द्या, जबाबदारी तुमची. नकाशाच्या कोपऱ्यात 'काढला' आणि 'तपासला' अशा दोन चौकटी असतात. 'तपासला'मध्ये नेहमी दुसऱ्या कोणाची सही असते. त्या दिवशी मी कट्ट्यावरच नकाशा पसरला, तिथे लिहिलं, 'सातव्या दगडावरचा शब्द बरोबर आहे', आणि खाली माझी सही केली. ती जरा वाकडी आली आहे.

सिस्टर जायला उठली. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती तिची. आजींनी तिचा हात धरून तिला थांबवलं. तिचे आभार मानले, माझेही मानले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शब्द घ्या, बसायची जागा घ्या, घेतलं होतं ते मीच सगळ्यांकडून. मग त्या तिला म्हणाल्या, "जाताजाता अजून एकदा म्हण गं."

सिस्टरने म्हटलं.

आजी अजून सरकल्या, अगदी कडेला गेल्या, आणि शेजारची जागा त्यांनी पदराने पुसून घेतली.