झुकत्या छर्ऱ्यांची डबी

अंगात अप्पांचाच काटेकोरपणा, म्हणून बारा वर्षं माझी एअर रायफल कपाटात पडून राहिली. पुढच्या महिन्यात सोलापूरला मोठ्यांची नेमबाजी स्पर्धा आहे. पुन्हा उभं राहायचं की नाही हे ठरवायला मी मुरुमला माहेरी आले होते.

अप्पा म्हणजे रेवणप्पा सराफ. सोनं तोलताना त्यांचा काटा कुणासाठी केसभरही झुकला नाही. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा नाही. आत्या त्यावरून अजून टोमणे मारते. मी खेळत होते तेव्हा, रायफलचे छर्रे सारख्या वजनाचे नसले की नेम वरखाली होतो, एवढं मी त्यांना सांगितलं आणि अप्पा खूशच झाले. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते काचपेटीतला तराजू मांडायचे. एका पारड्यात ठरलेला छर्रा, दुसऱ्यात नवा. बरोबरीचा निघाला तर डबीत, नाही तर बाजूला. चिमट्यानं उचलताना श्वाससुद्धा रोखून धरायचे. पारड्याची ती बारीक किणकिण अजून कानात आहे.

पुण्याच्या निवड स्पर्धेसाठी त्यांनी लाल झाकणाची वेगळी डबी दिली. नेम जुळवायला मी रोजचे छर्रे वापरले आणि गुण मोजायची वेळ आली तेव्हा लाल डबी उघडली. कागदावर सगळी छिद्रं जराशी खाली. एका गुणानं निवड हुकली. आपलाच हात कच्चा, असं म्हणून मी खेळच सोडला.

काल कपाटात ती डबी सापडली, बरीचशी भरलेली. सहज तराजू मांडला, एका पारड्यात तो ठरलेला छर्रा ठेवला. दुसऱ्यात लाल डबीतला पहिला छर्रा ठेवला, त्याचं पारडं खाली. दुसरा, तेच. तिसराही तसाच.

"अप्पा, हे सगळे जड हायत!"

मोतीबिंदूमुळं अप्पांना आता नीट दिसत नाही. ते आवाजाच्या दिशेनं हसले. "व्हय. म्या निवडून घातले. लेक पुण्याला चालली, तिला झुकतं माप नगं का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षं! बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "जन्मात एकदाच काटा झुकू दिला बघ, पोरी. निवड हुकली ती हुकली, पर छर्रे लई भारी लागले असतील न्हाय?"

"लई भारी, अप्पा," म्हणताना मला रडू आवरेना.

मग लाल डबीतले छर्रे मी एकमेकांशी तोलून पाहिले. सगळे अगदी सारखे. जड द्यायचे तरी अप्पांनी तोलूनच दिले होते.

आज सोलापूरचा अर्ज भरला. लाल डबीच नेणार आहे. या वेळी नेमसुद्धा तिच्यातल्याच छर्ऱ्यांवर जुळवीन.