गाडीच्या पोटाखालून फळीवर

मित्रांनो, मी एक जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. नावाला घाबरू नका. गॅरेजवाले मला नुसते 'कॅट' म्हणतात. गाडी सगळे पुढून पाहतात, मागून पाहतात, पण तिच्या पोटाखाली वाकून कोणी पाहत नाही. मी तिथला रहिवासी. आज मात्र एका शेडमध्ये, छताजवळच्या फळीवर अडकून पडलो आहे. माझी दोन्ही तोंडे कापलेली आहेत.

कारखान्यात माझ्या पोलादी कवचात चिनी मातीसारखा एक ठोकळा बसवला होता. त्याला मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोके होती आणि त्यांना आतून एका मौल्यवान धातूचा पातळ लेप होता. इंजिनातून येणारे विषारी वायू त्या भोकांतून जाताना बरेचसे निरुपद्रवी होत. तापायचे आणि वायू साफ करायचे, एवढेच माझे काम.

माझी गाडी अण्णांनी घेतली. अण्णा घड्याळे दुरुस्त करीत. याच शेडमध्ये गाडी उभी राहायची आणि खिडकीपाशी त्यांचे टेबल होते. अकरा वर्षे मी त्यांची सेवा केली. धुराच्या तपासणीला गेलो की तपासनीस यंत्राकडे पाहून म्हणायचा, "काका, गाडी म्हातारी झाली, पण पोट साफ आहे हो हिचं!" अण्णा खूश होत आणि सारे श्रेय वेळेवर बदललेल्या ऑइलला देत. मी मनातल्या मनात हसायचो.

पुढे अण्णांची नजर अधू झाली आणि गाडी त्यांच्या मुलाकडे आली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. दादाला गाडीचे वेड होते. त्याने तिची उंची कमी करून तिला जमिनीलगत आणले, रुंद चाके लावली. मग मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ पाहून एका सुट्टीच्या सकाळी तो लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन माझ्याखाली आडवा झाला.

त्याची बायको, म्हणजे गल्लीची वहिनी, दारातून म्हणाली, "अहो, चांगली चाललीये ना गाडी? कशाला उगाच हात घालता?"

"अगं, हा डबा म्हणजे गाडीच्या नरड्यातला बोळा आहे. काढला की बघ कशी सुटते!"

मी, बोळा! ठिणग्या उडाल्या. अर्ध्या तासात माझ्या जागी एक सरळ नळी आली. दादाने मला फळीवर भिरकावले, तेव्हा माझ्या आत काहीतरी कडकन मोडले. गाडीत धोक्याचा पिवळा दिवा लागला. दादाने त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

त्या दिवसापासून मी वरून नुसता पाहत राहिलो. गाडी डरकाळ्या फोडायची, दादाचे मित्र टाळ्या वाजवायचे, वहिनीच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास यायचा. अण्णांना ऐकू कमी येई. ते आपले भिंग डोळ्याला लावून घड्याळातल्या चाकांच्या दातांत रमलेले असत.

एका गारठ्याच्या सकाळी अण्णा टेबलापाशी बसले असताना दादाने इंजिन सुरू केले. अण्णांना वारा लागू नये म्हणून खिडकी बंद होती. दादाने शटरही वीतभर सोडून खाली ओढले. "पाच मिनिटांचं काम आहे," असे म्हणाला आणि फोन वाजला म्हणून मागच्या दाराने घरात गेला. दार त्याच्यामागे बंद झाले. पाचाची वीस मिनिटे झाली.

अण्णांनी कपाळ चोळले. त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला. मग त्यांनी हळूच टेबलावर डोके टेकले. मित्रांनो, इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. पण मी त्याला ओळखत होतो. माझे सारे आयुष्य त्याच्याशी झुंजण्यात गेले होते. आणि आता मी दहा फुटांवर मुकाट पडून होतो. जागेवर असतो तर तो इतका साचला नसता. अर्थात मी असतानाही बंद जागेत इंजिन चालू ठेवणे धोक्याचेच, हेही लक्षात ठेवा.

वहिनी चहा घेऊन आली. "अहो, धावा! अण्णा उठत नाहीयेत!" कप तिथेच टाकून तिने शटर वर ढकलले आणि अण्णांना काखेत धरून बाहेर ओढले. दादाने धावत येऊन इंजिन बंद केले. मग दोन दिवस शेडमध्ये कोणीच फिरकले नाही.

अण्णा इस्पितळातून परत आले. पण आता घड्याळ उघडले की कोणते चाक आधी बसवायचे, ते त्यांना आठवत नाही. दादाला ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "माझ्या हातात त्या दिवशी कुणाचं घड्याळ होतं रे? त्या बाई वाट बघत असतील."

दुसऱ्याच दिवशी दादा मला घेऊन वेल्डरकडे गेला. वेल्डरने मला हलवले. मी खुळखुळ्यासारखा वाजलो.

"आतून फुटलाय हा. नवीन बसवा. हा द्या माझ्याकडे, यातला धातू काढून पुन्हा वापरतात."

"नको," दादा म्हणाला. "हा माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

गाडीला नवा कॅट बसला. मी पुन्हा फळीवर आलो. आता रोज गाडी काढताना दादा माझ्याकडे पाहतो आणि मान खाली घालतो. त्याची ही शिक्षा मला समजते. पण मित्रांनो, त्यात कोंडला गेलो आहे मी! नव्या कॅटमध्ये घालण्याजोगा धातू माझ्यात अजून शिल्लक आहे.

ज्याचे काम दिसत नाही, त्याला बिनकामाचे समजून कापून टाकू नका. आणि चूक झालीच, तर तिच्याकडे नुसते बघत बसू नका. दादाने माझ्यासमोर मान खाली घालू नये. एकदा हात वर करावा आणि मला खाली उतरवावे.